ब्रेनस्टेमचा रिपोर्ट कसा वाचायचा: पेशंटच्या घरच्यांसाठी

घरातल्या माणसाच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘ब्रेनस्टेम’, ‘पॉन्स’ किंवा ‘मेड्युला’ यांपैकी एखादा शब्द आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डॉक्टर राउंडला येतात, काही मिनिटं बोलतात, आणि त्यातले निम्मे शब्द आपल्या डोक्यावरून जातात. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि सगळ्यांत वाईट माहिती सगळ्यांत आधी समोर येते. त्यापेक्षा फाइलमधले शब्द एका ठरलेल्या क्रमाने वाचावेत: आधी जागा, मग बाजू, मग क्रेनियल नर्व्हचे आकडे, मग कारण, आणि पेशंटची शुद्ध. या क्रमाने गेलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते कळतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मेंदूच्या या भागात आकाराला फारसा अर्थ नाही. ‘स्मॉल इन्फार्क्ट’ (रक्त न पोचल्याने झालेली लहान इजा) वाचून हुश्श करणारे नातेवाईक असतात, आणि पेशंट मात्र व्हेंटिलेटरवर असतो. इथे काही मिलिमीटरचा डागही मोठं काम बंद पाडू शकतो. म्हणून ‘केवढा आहे’ हे नंतर, ‘कुठे आहे’ हे आधी.

पायरी १: जागा शोधा

मेंदूचा वरचा मोठा भाग म्हणजे प्रमस्तिष्क, रिपोर्टमधलं सेरेब्रम. त्याच्या मागे-खाली तोल सांभाळणारं अनुमस्तिष्क, म्हणजे सेरेबेलम. या दोघांना मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा, साधारण अंगठ्याएवढा दांडा म्हणजे ब्रेनस्टेम. मराठी पुस्तकांत त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, पण वॉर्डात ब्रेनस्टेमच ऐकू येईल. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे आदेश आणि अंगाकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना याच अरुंद दांड्यातून जातात.

त्याचे वरून खाली तीन भाग आहेत. सगळ्यांत वर मिडब्रेन: डोळ्यांच्या बऱ्याच हालचाली, बाहुल्यांचं लहान-मोठं होणं आणि माणसाला जागं ठेवणाऱ्या यंत्रणेचा महत्त्वाचा भाग इथे आहे. मधे पॉन्स: चेहरा, चावणं, डोळे आडवे फिरवणं, ऐकू येणं, तोल. खाली मेड्युला, शाळेत आपण मस्तिष्कपुच्छ म्हणून शिकलो तो भाग: गिळणं, आवाज, खोकला, श्वास, रक्तदाब.

रिपोर्टमध्ये हे शब्द रूप बदलून येतात. पॉन्सचं ‘पॉन्टाइन’ होतं, मेड्युलाचं ‘मेड्युलरी’, मिडब्रेनचं ‘मेसेन्सेफॅलिक’. ‘बल्बर’ हा शब्दही मेड्युलाशीच जोडलेला आहे. ‘बल्बर वीकनेस’ लिहिलं असेल तर गिळणं, बोलणं आणि खोकणं कमजोर झालंय असं समजा. ‘व्हेंट्रल’ म्हणजे पुढची बाजू, ‘डॉर्सल’ किंवा ‘टेगमेंटल’ म्हणजे मागची. ‘मीडियल’ म्हणजे मध्यरेषेजवळ, ‘लॅटरल’ म्हणजे कडेला. ‘पोस्टेरिअर फॉसा’ किंवा ‘इन्फ्राटेन्टोरिअल’ दिसलं तर कवटीचा मागचा-खालचा कप्पा, ज्यात ब्रेनस्टेम आणि अनुमस्तिष्क दोन्ही बसतात.

समजा रिपोर्टमध्ये ‘अक्यूट इन्फार्क्ट, लेफ्ट लॅटरल मेड्युला’ असं आहे. आता ते तुम्हाला वाचता येतं: नुकताच, रक्तपुरवठा थांबून, डाव्या कडेला, खालच्या भागात झालेला इजेचा डाग.

पायरी २: बाजू नीट समजून घ्या

हातापायांच्या हालचालींच्या वाटा मेड्युलाच्या खालच्या टोकाशी एकमेकींना ओलांडतात. चेहऱ्याच्या आणि डोळ्यांच्या नसा मात्र ब्रेनस्टेममधून बहुतेक करून त्याच बाजूला निघतात. त्यामुळे डाव्या पॉन्समध्ये इजा झाली तर चेहरा डावीकडचा लुळा पडू शकतो आणि हातपाय उजवीकडचे. नातेवाईक गोंधळतात की पक्षाघात एका बाजूला आणि तोंड वाकडं दुसऱ्या बाजूला कसं. ही ब्रेनस्टेमची खास खूण आहे, कागदावर तिला ‘क्रॉस्ड’ किंवा ‘अल्टर्नेटिंग हेमिप्लेजिया’ म्हणतात. ‘इप्सिलॅटरल’ म्हणजे इजेच्याच बाजूला, ‘कॉन्ट्रालॅटरल’ म्हणजे विरुद्ध बाजूला.

‘प्लेजिया’ म्हणजे हालचाल पूर्ण गेली आहे, ‘पॅरेसिस’ म्हणजे कमी झाली आहे पण शिल्लक आहे. फाइलमध्ये ‘हेमिप्लेजिया’चं ‘हेमिपॅरेसिस’ झालं असेल तर ती चांगली बातमी आहे.

एमआरआयची फिल्म उजेडात धरून पाहणार असाल, तर पेशंटची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला दिसते. ती तशीच छापायची पद्धत आहे, रिपोर्ट चुकलेला नाही.

पायरी ३: क्रेनियल नर्व्हचे आकडे

केसपेपरवर ‘सीएन’ असं लिहून पुढे रोमन आकडे असतात. या मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. पहिली वासाची आणि दुसरी दृष्टीची सोडली तर बाकी दहांचा संबंध ब्रेनस्टेमशी येतो. लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: ३ आणि ४ मिडब्रेनच्या, ५ ते ८ पॉन्सच्या, ९ ते १२ मेड्युलाच्या. (अकरावीचा बराचसा उगम खरं तर मानेतल्या मज्जारज्जूत आहे, पण नातेवाइकांना एवढ्या खोलात शिरायची गरज नाही.) आकडा पाहिला की मजला कळतो.

तिसरी बिघडली की पापणी पडते, कागदावर ‘टोसिस’. डोळा बाहेर-खाली वळलेला राहतो आणि बाहुली मोठी होऊ शकते. चौथी बिघडली की जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात. सहावी बिघडली की डोळा कानाच्या बाजूला वळत नाही. यांपैकी कशानेही दोन-दोन दिसतं, त्याला ‘डिप्लोपिया’ म्हणतात. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबतं का ते पाहा आणि डॉक्टरांना सांगा, त्यांना त्याचा उपयोग होतो. बुबुळं आपोआप हलत राहिली तर ‘निस्टॅगमस’.

पाचवीने चेहऱ्याची संवेदना आणि चावणं चालतं. सातवी पॉन्समध्ये किंवा तिथून बाहेर पडल्यावर दुखावली तर अर्धा चेहरा कपाळासकट पडतो, डोळा पूर्ण मिटत नाही. अशा डोळ्याला कोरडेपणाने जखम होते, म्हणून सिस्टर त्यात थेंब घालतात आणि रात्री पट्टी लावतात. आठवी ऐकण्याची आणि तोलाची.

नववी, दहावी आणि बारावी या तिघींकडे मी सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. नववी-दहावी गेल्या की गिळणं बिघडतं, आवाज घोगरा किंवा नाकातून येतो, पाणी पिताना ठसका लागतो. बारावी गेली की जीभ बाहेर काढताना कमजोर बाजूकडे वळते. इथे तीन शब्द सारखे ऐकू येतात आणि गोंधळ होतो. ‘डिसफेजिया’ म्हणजे गिळायला त्रास. ‘डिसआर्थ्रिया’ म्हणजे उच्चार बोबडे, जड होणं. शब्द आणि समज शाबूत असते. ‘अफेजिया’ किंवा ‘डिसफेजिया’शी जवळजवळ सारखा ऐकू येणारा ‘डिसफेसिया’ म्हणजे भाषाच हरवणं, आणि तो बहुतेक वेळा वरच्या मोठ्या मेंदूचा आजार असतो. ब्रेनस्टेमच्या पेशंटला साधारणपणे डिसआर्थ्रिया असतो. तो शुद्धीवर असेल तर खाटेजवळ चाललेलं सगळं बोलणं त्याला कळत असतं. त्याच्यासमोर ‘आता काही खरं नाही’ असं कुणी बोलत असेल तर त्याला तिथून बाहेर न्या.

पायरी ४: कारणाचा शब्द

‘इन्फार्क्ट’ म्हणजे रक्त न पोचल्याने झालेली इजा, ‘हेमरेज’ म्हणजे रक्तस्राव. दोन्हींना मिळून स्ट्रोक म्हणतात. ब्रेनस्टेमला रक्त मानेच्या मागून येतं: दोन ‘व्हर्टेब्रल’ धमन्या वर चढतात आणि एकत्र येऊन ‘बेसिलर’ धमनी होते. या सगळ्या जाळ्याला ‘पोस्टेरिअर सर्क्युलेशन’ म्हणतात. गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकपैकी साधारण पाचवा हिस्सा या भागातला असतो.

हा स्ट्रोक ओळखायला अवघड जातो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं या नेहमीच्या खुणा कधी असतात, कधी नसतात. अचानक भोवळ, उलट्या, दोन-दोन दिसणं, चालताना एका बाजूला झोकांड्या जाणं, गिळता न येणं, एवढंच दिसतं आणि घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून झोपवून ठेवतात. अशी लक्षणं अचानक, एकत्र आली तर १०८ला फोन करा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. बेसिलर धमनी बंद असेल तर कॅथेटरने गुठळी काढण्याचा उपचार निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत केला जातो, त्याला ‘थ्रॉम्बेक्टॉमी’ म्हणतात.

सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून निघून जाऊ नका. कवटीच्या मागच्या जाड हाडांमुळे सीटीत हा भाग नीट दिसत नाही. एमआरआयमध्येही ब्रेनस्टेमचा लहान इन्फार्क्ट पहिल्या एक-दोन दिवसांत निसटू शकतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा करायला सांगतात. ‘डीडब्ल्यूआय रिस्ट्रिक्शन’ (डीडब्ल्यूआय हा एमआरआयमधलाच एक खास प्रकार) असं आलं तर बहुधा इजा ताजी आहे.

पॉन्समधल्या रक्तस्रावाचं मुख्य कारण आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब. त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ‘पिनपॉइंट प्युपिल्स’. कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुल्या अशाच होतात, त्यामुळे शेतावरच्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर फवारणीबद्दल खोदून विचारतात. त्यात संशय घेतल्यासारखं वाटून घेऊ नका. खरं काय ते सांगा.

‘डिमायलिनेशन’ म्हणजे नसांवरचं आवरण झिजणं, जसं मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये होतं. याचाच एक वेगळा प्रकार आहे ‘ऑस्मॉटिक डिमायलिनेशन’, जुनं नाव ‘सेंट्रल पॉन्टाइन मायलिनोलायसिस’, ज्याचं वर्णन १९५९ साली प्रथम झालं. रक्तातलं सोडियम फार घसरलेलं असताना ते भराभर वर आलं, तर काही दिवसांनी पॉन्सला इजा होऊ शकते. दारूचं व्यसन आणि कुपोषण असलेल्यांना धोका जास्त. म्हणून १३५ ते १४५ या नेहमीच्या पातळीपर्यंत सोडियम मुद्दाम हळूहळू आणतात. ‘सोडियम कमी आहे तर पटकन का भरत नाही?’ याचं उत्तर हे.

‘एन्सेफलायटिस’ म्हणजे मेंदूचा दाह. ब्रेनस्टेममध्ये असेल तर ‘ऱ्हॉम्बेन्सेफलायटिस’.

‘ग्लायोमा’ म्हणजे गाठ. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूज इन्ट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा’, थोडक्यात डीआयपीजी, असं आलं तर ते गंभीर निदान आहे. ‘डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा’ हे त्याचं हल्लीचं नाव. गाठ पॉन्सच्या ताण्याबाण्यात पसरलेली असते, त्यामुळे कापून काढता येत नाही. रेडिएशनने बहुतेक मुलांना काही काळ आराम पडतो. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांची लहान मुलगी कॅरेन याच प्रकारच्या गाठीने १९६२ साली गेली. पण ब्रेनस्टेममधली प्रत्येक गाठ अशी नसते. ‘फोकल’, ‘एक्झोफिटिक’ किंवा ‘टेक्टल’ असे शब्द असतील तर वाढ पुष्कळदा मंद असते आणि उपचाराची वाट वेगळी असते. म्हणून ‘ब्रेनस्टेम ट्यूमर’ एवढ्यावर थांबू नका, पुढचा शब्द विचारा. गाठीमुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडली तर ‘हायड्रोसेफॅलस’ होतो, आणि त्यासाठी ‘शंट’ नावाची नळी टाकावी लागू शकते.

पायरी ५: माणसांच्या नावांचे सिंड्रोम

‘वेबर’, ‘मिलार्ड-गुब्लर’, ‘वॉलनबर्ग’. ही नावं पाहून आजार दुर्मीळ आणि भयंकर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त एका ठरावीक जागेचा पत्ता असतो. वेबर मिडब्रेनचा, मिलार्ड-गुब्लर पॉन्सचा.

यांतला सर्वांत जास्त भेटणारा वॉलनबर्ग, म्हणजेच ‘लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम’. आडॉल्फ वॉलनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. यात भोवळ, उचकी, घोगरा आवाज, घास न उतरणं आणि एका बाजूला तोल जाणं असतं. इजेच्या बाजूच्या अर्ध्या चेहऱ्याला आणि विरुद्ध बाजूच्या अंगाला गरम-गार कळत नाही. एक पापणी किंचित उतरते आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक होते, तो ‘हॉर्नर’. हातापायांत ताकद मात्र बहुधा पूर्ण असते. म्हणूनच घरच्यांना वाटतं की पेशंट ‘चालता-फिरता’ आहे, आणि ते प्रेमाने चहा पाजतात. चहा श्वासनलिकेत जातो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबभरही काही द्यायचं नाही. घरी आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहायचं, कारण पेशंटला चटका बसलेला कळणार नाही. यातले बरेच पेशंट काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा जेवू लागतात.

पायरी ६: शुद्धीचे शब्द, सगळ्यांत सावकाश वाचा

‘जीसीएस’ म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल यांना दिलेले गुण. कमाल १५, किमान ३. शून्य कधीच नसतो. घशात नळी असेल तर बोलण्याच्या जागी ‘टी’ लिहितात.

‘कोमा’ म्हणजे डोळे मिटलेले, जाग नाही. ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हणजे डोळे उघडतात, झोप-जाग होते, पण भोवतालाची जाणीव असल्याची खूण मिळत नाही. यात ब्रेनस्टेम बराचसा चालू असतो आणि वरचा मेंदू दुखावलेला असतो. ‘मिनिमली कॉन्शस’ म्हणजे जाणिवेच्या थोड्या, पण खऱ्या खुणा आहेत.

‘लॉक्ड-इन’ ही अवस्था व्हेजिटेटिव्ह स्टेटच्या अगदी उलट. पॉन्सच्या पुढच्या भागातल्या सगळ्या आदेशवाटा तुटतात, हातपाय-तोंड-जीभ काहीच हलत नाही, पण वरचा मेंदू आणि मिडब्रेन शाबूत असल्याने माणूस पूर्ण जागा असतो. डोळे वर-खाली आणि पापण्यांची उघडझाप एवढंच उरतं. हे नाव १९६६ साली प्लम आणि पोस्नर या न्यूरॉलॉजिस्टांनी दिलं. पेशंट पॉन्सचा असेल आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणत असतील, तर जवळ जाऊन सावकाश सांगा: ‘वर बघा. आता खाली बघा.’ दोन-तीनदा प्रतिसाद मिळाला तर लगेच डॉक्टरांना बोलवा. मग वर म्हणजे ‘हो’, खाली म्हणजे ‘नाही’ असं ठरवून बोलता येतं, आणि पुढे अक्षरांचा तक्ताही वापरता येतो.

‘ब्रेनस्टेम डेथ’ ही अवस्था या सगळ्यांहून वेगळी आहे. तिला ‘कोमात आहे’ म्हणणं चूक आहे. भारतात १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेनस्टेमची सगळी कामं कायमची, परत न येण्याजोगी थांबली की तो मृत्यू मानला जातो. हृदय धडधडत असतं, कारण त्याला स्वतःची लय असते आणि ऑक्सिजन व्हेंटिलेटर देत असतो. छाती वर-खाली होते, अंग गरम लागतं. अशा वेळी डॉक्टरांवर विश्वास बसत नाही, आणि तो न बसणं मला पूर्ण समजतं. म्हणून तपासणीत काय होतं ते विचारून घ्या. चार डॉक्टरांचं मंडळ असतं. बाहुल्यांवर प्रकाश, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात गार पाणी, घशातली आणि श्वासनलिकेतली उबळ, हे सगळं पाहतात. शेवटी ‘ॲप्निया टेस्ट’: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वासाचा प्रयत्न होतो का ते बघतात. किमान सहा तासांच्या अंतराने सगळं पुन्हा करतात. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे एखादा हात हलू शकतो. तो ब्रेनस्टेम चालू असल्याचा पुरावा नसतो.

तपासणीच्या आधी कारण नक्की माहीत असावं लागतं, आणि गुंगीची औषधं, अंग थंड पडणं, विषबाधा यांचा परिणाम नाही याची खात्री करावी लागते. आपल्याकडे यात एक नाव फार महत्त्वाचं: मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दंशाची खूण जेमतेम दिसते. पापण्या पडतात, श्वास थांबतो, बाहुल्याही हलेनाशा होतात आणि माणूस ब्रेनस्टेम डेथ झाल्यासारखा दिसतो. पण विष नसा आणि स्नायूंच्या सांध्यावर बसलेलं असतं, मेंदूला इजा नसते. व्हेंटिलेटर आणि उपचार मिळाले तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. पेशंट रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखत होतं, असं काही असेल तर कुणी विचारलं नाही तरी सांगा.

मंडळाने ब्रेनस्टेम डेथ जाहीर केल्यावर अवयवदानाबद्दल विचारणा होते. हो म्हणणं किंवा नाही म्हणणं, दोन्ही सर्वस्वी तुमच्या हातात आहे. अवयव कुणाला द्यायचे ते प्रतीक्षायादीनुसार ठरतं; महाराष्ट्रात हे काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे आहे.

पायरी ७: डिस्चार्ज कार्ड

घरी जाताना कार्डवर ‘आरटी फीड्स’ असेल तर नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं, पेशंटला बसतं करून, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. ‘ट्रेकिओस्टॉमी केअर’ असेल तर गळ्यातली नळी साफ करणं आणि सक्शन सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. ‘ॲस्पिरेशन रिस्क’ म्हणजे अन्न किंवा लाळ फुप्फुसात जाण्याचा धोका. ताप, घरघर किंवा ओला खोकला सुरू झाला की वाट न पाहता परत जायचं. ‘प्रोग्नोसिस गार्डेड’ म्हणजे पुढचं सांगणं अवघड आहे, आशा नाही असा त्याचा अर्थ नाही.

गिळण्यासाठी आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट, तोल आणि चालण्यासाठी फिजिओथेरपिस्ट, दोघांच्या तारखा कार्डवर लिहून घ्या. फिल्मबरोबर एमआरआयची सीडीही मागा. पुढच्या डॉक्टरांना जुन्या आणि नव्या डागाची तुलना त्यावरूनच करता येते.